तंगीच्या दिवसांत कॉफीचं दुकान: आधी डिकॉक्शन, मग बाकी सगळं

२०२४ आणि २०२५ ही दोन वर्षं कॉफीच्या छोट्या दुकानदाराला फार जड गेली. व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये पावसानं दगा दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात रोबस्टा जातीची कॉफी टनाला ५,००० डॉलरच्या वर गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला अरेबिका या दुसऱ्या जातीनं पौंडाला ४ डॉलरचा टप्पा ओलांडला. कर्नाटकातल्या चिकमगळूर आणि कोडगूच्या कॉफीच्या बियांचा भाव याच दोन बाजारांकडं बघून ठरतो, त्यामुळं बेळगावच्या पेठेत पावडर महागायला वेळ लागला नाही. त्यातच १ एप्रिल २०२५ पासून कर्नाटकातल्या सहकारी संघाचं नंदिनी दूध लिटरमागं ४ रुपयांनी वाढलं. आपल्याकडं गिऱ्हाईक मुळात चहाचं. कॉफी पाच रुपयांनी वाढली की ते शेजारच्या चहाच्या गाड्यावर जाणार, ही भीती प्रत्येकाला असते, आणि ती खोटीही नाही.

अशा वेळी दुकानदार काय करतो, हे टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कुठंही बघायला मिळतं. काउंटरवर मोमोजचं भांडं येतं. मग सँडविचचं ग्रिल येतं. मग ‘दोनवर एक फुकट’चा फलक लागतो. मालक दिवसभर या नव्या गोष्टींच्या मागं धावतो आणि ज्या कपासाठी माणसं दारात येत होती, त्याचं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, कामगाराच्या अंदाजावर सुटतं. धंदा बसायला सुरुवात इथून होते. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: ओढगस्तीच्या दिवसांत मालकाचं लक्ष कपावरून हलता कामा नये. आणि कपावर लक्ष ठेवायचं म्हणजे मापावर ठेवायचं. ते कसं, हे पुढं सगळं आकड्यांनिशी लिहितो.

एका कपाचा हिशोब

बहुतेक दुकानांत महिन्याचा हिशोब असतो, कपाचा नसतो. महिन्याच्या हिशोबातून एवढंच कळतं की पैसे उरले नाहीत. कुठं गेले ते कपाच्या हिशोबातून कळतं.

२५० ग्रॅम पावडर घ्या, त्यावर सव्वा लिटर पाणी. भिजलेली पावडर आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे अर्धा लिटर फिल्टरमध्येच राहतं आणि खाली ७५० मिली डिकॉक्शन उतरतं. कपाला २५ मिली डिकॉक्शन आणि ७५ मिली दूध धरलं तर एका घाण्यात ३० कप. पावडर ६४० रुपये किलो धरली (तुमचा भाव वेगळा असेल, तो घाला), तर घाण्याची पावडर १६० रुपयांची, कपाला ५ रुपये ३३ पैसे. दूध ४८ रुपये लिटरनं ३ रुपये ६० पैसे. आठ ग्रॅम साखर ३६ पैसे, कागदी कप ७० पैसे, गॅस ४० पैसे. बेरीज १० रुपये ३९ पैसे. सांडलवंड, उरलेलं, फुकट गेलेलं मिळून ११ रुपये धरा.

आता दुकानाचा खर्च. भाडं १२ हजार, एका कामगाराचा पगार १४ हजार, वीज अडीच हजार, किरकोळ दीड हजार, म्हणजे महिन्याला ३० हजार. यात मालकाच्या घरखर्चाचे १५ हजार घातलेच पाहिजेत. ते बरेच जण घालत नाहीत आणि मग ‘धंदा चालतोय पण घरात काही येत नाही’ असं म्हणतात. झाले ४५ हजार. आठवड्याची सुट्टी सोडून २६ दिवस धरले तर रोज १,७३१ रुपये निघाले पाहिजेत.

कप १५ रुपयाला विकला तर हातात ४ रुपये राहतात, म्हणजे रोज ४३३ कप हवेत. तोच कप २० रुपयाला विकला तर ९ रुपये राहतात आणि १९३ कपांत भागतं. पाच रुपये वाढवल्यावर निम्मी गिऱ्हाइकं तुटली तरीही तुम्ही आधीपेक्षा वाईट स्थितीत नाही, आणि निम्मी कधीच तुटत नाहीत. हा हिशोब कागदावर मांडला नाही तर भाववाढ करायची छाती होत नाही. मग माणूस १५ रुपयांतच राहतो आणि दूध पातळ करायला लागतो.

भाव वाढवायचा तर एकदाच, ठरलेल्या तारखेला, पाचाच्या पटीत. १७ किंवा १८ रुपये केलेत की सुट्ट्याची कटकट दिवसभर. फलकावर आठ दिवस आधी लिहा. आणि भाव वाढवताना कप लहान करू नका, दोन्ही एकदम झालं की गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. ‘बाय-टू’चं, म्हणजे एक कॉफी दोघांत वाटून देण्याचं, मापसुद्धा ठरवून टाका. कर्नाटकात बाय-टू मागणारच, त्याला नाही म्हणता येत नाही. पण एका कॉफीच्या जागी दोन जवळजवळ भरलेले पेले देण्याची सवय लागली की ३० कपांचा घाणा २२ कपांवर येतो. बाय-टू म्हणजे १२० मिली, दोन पेल्यांत साठ-साठ, भाव पूर्ण कपापेक्षा पाच रुपये जास्त. हे लिहूनच लावा.

पाच मिली

मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचं आहे ते या पाच मिलीबद्दल.

डिकॉक्शन डोळ्यांनी ओतलं जातं. सकाळी हात आखडता असतो, गर्दीत सैल सुटतो. २५ मिलीच्या जागी ३० मिली गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, गिऱ्हाइकाच्या तर नाहीच. पण घाण्यातून ३० ऐवजी २५ कप निघतात आणि पावडरीचा खर्च कपामागं ५.३३ वरून ६.४० वर जातो. रोजच्या दीडशे कपांना हे १६० रुपये, २६ दिवसांचे ४,१६० रुपये. वर धरलेल्या भाड्याचा तिसरा हिस्सा त्या पळीतून वाहून जातो.

उपाय अगदी स्वस्त आहे. भांड्यांच्या दुकानात मापाच्या स्टीलच्या पळ्या मिळतात, २५ मिलीची मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर औषधाच्या बाटलीवर येणाऱ्या मापाच्या टोपणानं २५ मिली पाणी मोजून पळीत घाला आणि पाणी जिथवर येतं तिथं पळीच्या आतून खिळ्यानं रेघ मारून घ्या. पेन किंवा रंगाची खूण करू नका, गरम डिकॉक्शनात ती सुटते. कडक कॉफी मागितली तर दीड पळी, आणि तिचा भाव वेगळा.

मग भिंतीवर एक वही अडकवा आणि रोज रात्री तीनच आकडे लिहा: किती कप विकले, किती घाणे काढले, किती लिटर दूध लागलं. कपांना घाण्यांनी भागा. ३०च्या आसपास आलं तर ठीक. २६ आलं तर ओतण्यात, सांडण्यात किंवा फुकट वाटण्यात काहीतरी सुटतंय. ३५ आलं तर त्याहून वाईट, कारण कुणीतरी डिकॉक्शनात पाणी मिसळतंय. दुधाचंही तसंच. १५० कपांना ७५ मिलीनं सव्वाअकरा लिटर लागायला हवं. साडेतेरा लागत असेल तर दोन लिटर कुठं गेलं ते शोधा. बहुतेक वेळा ते मंद आचेवर वाफ होऊन गेलेलं असतं.

हे तीन आकडे रोज. लंडनचा भाव, समोरच्या दुकानातली सवलत, रीलवर दिसलेलं नवं पेय, यातलं काहीही रोज बघायची गरज नाही. बियांचा भाव महिन्यातून एकदा, पावडरीची ऑर्डर द्यायच्या आदल्या दिवशी बघितला तरी पुरतो. मधल्या दिवसांत तो बघून तुम्ही वेगळं काहीच करणार नसता, फक्त जीव टांगणीला लागतो.

डिकॉक्शन

फिल्टरचं वरचं भांडं पूर्ण कोरडं हवं. ओलं असलं तर तळाची पावडर लगेच चिकटते आणि भोकं बुजतात. पावडर घालून भांडं दोनदा हलकेच आपटा म्हणजे पातळी सारखी होते. चकती ठेवून नुसती टेकवा, जोर लावू नका. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती एका मुळाची भाजलेली पूड) असलेली पावडर पाण्यानं फुगते. आधीच दाबली असेल तर फुगायला जागा उरत नाही आणि थेंब थांबतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट आपल्या गावासाठी वेगळी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, इथं पाणी १०० अंशांना उकळत नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. ‘उकळल्यावर दोन मिनिटं थांबा’ हा सल्ला समुद्रकाठच्या गावांचा. इथं अर्धा मिनिट पुरे. जास्त थांबलात तर डिकॉक्शन फिकं आणि आंबटसर उतरतं.

आधी फक्त अडीचशे मिली पाणी कडेपासून मध्यापर्यंत गोल फिरवत ओता आणि दोन मिनिटं सोडा. पावडर भिजून बसते. मग उरलेलं लिटरभर दोन हप्त्यांत. झाकण लावा. पाव किलोचा घाणा ३० ते ४० मिनिटांत उतरला पाहिजे. पंधरा मिनिटांत संपला तर दळण जाड आहे किंवा पावडर एका बाजूला सरकली आहे, पाणी वाट काढून नुसतंच खाली गेलंय. तासाभरानंही थेंब-थेंब चालू असेल तर दळण फार बारीक, किंवा चिकोरी जास्त, किंवा भोकांत जुनं तेल साचलंय. कधीकधी कारण साधंच असतं: खालचं भांडं आणि वरचं भांडं इतकं घट्ट बसतं की आतली हवा कोंडते. वरचं भांडं थोडं उचलून परत ठेवा, धार लगेच सुरू होते.

भोकांची सफाई रोज रात्री. वरचं भांडं उजेडाकडं धरून बघा, प्रत्येक भोकातून उजेड आला पाहिजे. आठवड्यातून एकदा धुण्याच्या सोड्याच्या कडक पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग भरपूर पाण्यानं धुवा. साबणाचा वास राहिला तर पुढचा घाणा वाया.

उतरलेलं डिकॉक्शन तीन ते चार तास चांगलं राहतं. म्हणून दिवसाचे पाच घाणे एकदम सकाळी काढू नका. पहाटे दोन, अकराला एक, तीनला एक, साडेपाचला एक, असं काहीतरी आपल्या गर्दीप्रमाणं बसवा. डिकॉक्शन थेट आचेवर कधीही ठेवू नका. उकळलं की सगळा वास उडतो आणि नुसता कडवटपणा उरतो. गरम ठेवायचं तर गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं बसवा.

त्याच पावडरीवर दुसऱ्यांदा पाणी घालून निघतं ते दुसरं डिकॉक्शन. तंगीत याचा मोह फार होतो. ते पहिल्यात मिसळलं की रंग जवळजवळ तोच राहतो, पण तोंडात चव टिकत नाही. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, ते फक्त यायचं बंद होतं. फेकवत नसेल तर ते पाणी पुढच्या घाण्यासाठी पुन्हा उकळून वापरा. कपात घालू नका.

आणि पाणी कुठलं? शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, ते कॉफीला चांगलं. उन्हाळ्यात नळ चार-चार दिवसांनी येतो आणि मग सगळे बोअरवेलवर जातात. बोअरच्या जड पाण्यात कॉफी मंद आणि सपाट लागते, कारण त्यातले क्षार कॉफीतला नाजूक आंबटपणा मारून टाकतात. एप्रिल-मेमध्ये ‘पावडर बदलली का?’ असं गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा बऱ्याचदा पावडर तीच असते, पाणी बदललेलं असतं. पाच घाण्यांना रोज सव्वासहा लिटरच पाणी लागतं. वीस लिटरचा एक कॅन फक्त डिकॉक्शनसाठी वेगळा ठेवला तर तीन दिवस निघतात. भांडी धुवायला बोअरचं खुशाल वापरा.

चिकोरी वाढवायची का?

हा प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात येतो. चिकोरी कॉफीपेक्षा बरीच स्वस्त. कायद्यानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवीच, आणि पाकिटावर दोन्हीचं प्रमाण छापलेलं असतं. ते वाचून घ्या, सुटी पावडर घेत असाल तर विचारून घ्या.

७०:३० वरून ६०:४० वर गेलात तर पैसे वाचतात, पण तीन गोष्टी होतात. डिकॉक्शन जास्त काळं आणि दाट दिसतं, त्यामुळं कामगार कपात कमी ओततो आणि कॉफी आणखी पांचट होते. थेंब संथ पडतात. आणि पेला तोंडाशी नेताना जो वास येतो, तो जातो. चिकोरीत रंग आहे, गोडसर कडूपणा आहे, कॉफीचा वास नाही. माझं मत स्पष्ट आहे: बदलायचंच असेल तर ७५:२५ वरून ७०:३० पर्यंत या आणि तिथंच थांबा. त्यापुढं वाचवायचे पैसे मापातून वाचवा.

अरेबिका कमी करून रोबस्टा वाढवणं हा दुसरा मार्ग. दुधाच्या कॉफीला रोबस्टानं जोर येतो, त्यात वावगं काही नाही. पण २०२४ मध्ये रोबस्टा इतकी चढली की दोघींच्या भावातलं अंतर पूर्वीसारखं राहिलं नाही, तेव्हा हा बदल करण्याआधी त्या महिन्याचे दोन्ही भाव शेजारी-शेजारी लिहा. बिया कच्च्या घेऊन भाजून घेणाऱ्यांनी घट विसरू नये. भाजताना १५ ते १८ टक्के वजन जातं. कच्ची बी ५०० रुपये किलोनं घेतली तर भाजलेली पडते साधारण ६०० रुपयांना, भाजणावळ आणि गाडीभाडं वेगळं. बऱ्याच जणांचा ‘स्वस्तात मिळाली’चा आनंद या घटीतच संपतो.

अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची त्यानंतर मार्चपर्यंत. नवा माल या महिन्यांत बाजारात येतो. कच्ची बी कोरडी असेल, ओल १२ टक्क्यांच्या आत असेल, तर महिनोन्‌महिने टिकते. दळलेली पावडर टिकत नाही. भाव वाढणार या धास्तीनं तीन महिन्यांची पावडर भरून ठेवणं म्हणजे पैसे अडकवून वास उडू देणं. पावडर दोन आठवड्यांची, त्याहून जास्त नको.

जून ते सप्टेंबर तर एक आठवड्याचीच. खानापूरच्या बाजूला तर चार महिने भिंतीही ओल्या असतात. चिकोरी हवेतली ओल फार लवकर ओढते, पावडरीचे गोळे होतात आणि फिल्टर अडतो. पाव-पाव किलोची बंद पाकिटं घ्या, म्हणजे एक घाणा एक पाकीट. मोजायचं कामही वाचतं.

दूध

दुधावर वेगळं लक्ष लागतं कारण ते कपात सगळ्यात जास्त असतं. टोन्ड दुधात ३ टक्के फॅट, स्टँडर्ड दुधात ४.५, फुल क्रीममध्ये ६. कॉफीला स्टँडर्ड उत्तम. फुल क्रीममध्ये पाणी घालून वापरणं पुष्कळ दुकानांत चालतं. त्यात गैर नाही, पण माप हवं: लिटरला दीडशे मिली म्हणजे दीडशे मिली, रोज तेवढंच. अंदाजानं घातलेलं पाणी सकाळी एक चव देतं आणि संध्याकाळी दुसरी.

दिवसभर एकच मोठं पातेलं मंद आचेवर ठेवू नका. दूध आटतं, साय धरते, शिजल्याचा वास येतो आणि गॅस जातो तो वेगळाच. दोन-दोन लिटरची दोन पातेली फिरवा, एक वापरात, एक तयार. व्यावसायिक १९ किलोच्या सिलिंडरचा भाव सहसा महिन्याच्या १ तारखेला बदलतो, तेव्हा कपाच्या हिशोबातला गॅसचा आकडाही त्या दिवशी बदलून टाका.

गुळाची कॉफी आपल्याकडं खपते, गूळ घरचाच म्हणावा इतका जवळ. पण उकळत्या दुधात गूळ घातला की ते फाटतं. गुळाचा पाक वेगळा करून गाळून ठेवा आणि दूध आचेवरून उतरवून डिकॉक्शन मिसळल्यावर शेवटी घाला.

पुराचा अनुभव सीमाभागाला आहेच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक तुटली. ज्यांचं दूध कोल्हापूरच्या बाजूनं येत होतं, त्यांची तेव्हा अडचण झाली. पावसाळ्यात दोन्ही बाजूंचे पुरवठादार बांधून ठेवा. शिवाय टेट्रा पाकिटातलं न उघडलेलं दूध बारा लिटर कपाटात असू द्या. ते फ्रीजशिवाय टिकतं, महाग पडतं, पण एक दिवस दुकान उघडं राहतं.

यादी छोटी ठेवा

नवा पदार्थ घेताना एकच कसोटी लावा: तो याच दुधावर, याच डिकॉक्शनवर, याच शेगडीवर होतो का? कोल्ड कॉफी होते. तिच्यासाठी रात्री उरलेलं डिकॉक्शन लगेच फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वापरता येतं, गरम कॉफीला मात्र ते नको. चहा ठेवावाच लागतो, पण त्याचं पातेलं, गाळणी, पळी सगळं वेगळं. आल्या-वेलदोड्याचा वास गाळणीतून कॉफीत उतरतो आणि मग ती कॉफी कुणालाच आवडत नाही. खारी, टोस्ट, बटर जवळच्या बेकरीतून घ्या, न खपलेला माल परत नेण्याच्या बोलीवर. मोमोजना वेगळा फ्रीज, वेगळी शेगडी, वेगळा माणूस लागतो, आणि त्यांचा वास दुकानभर बसतो. ज्याला मोमोज विकायचे आहेत त्यानं जरूर विकावेत, पण ते कॉफीच्या दुकानाचं दुखणं बरं करत नाहीत.

गल्ला, पिग्मी, उधारी

रोज येणारा पैसा रोजच फुटतो. आपल्या भागात यावर पिग्मीइतका, म्हणजे रोज थोडे पैसे भरायच्या ठेव खात्याइतका, चांगला उपाय दुसरा नाही. पिग्मी दोन काढा. एक पावडरीची, एक भाडं-पगाराची. पाच घाण्यांची पावडर ८०० रुपयांची लागली तर त्या संध्याकाळी ८०० रुपये पहिल्या पिग्मीत गेलेच पाहिजेत, विक्री कमी झाली असली तरीही. खपलेल्या पावडरीचे पैसे घरात गेले की पुढच्या ऑर्डरला व्यापाऱ्याकडं उधार मागावं लागतं, आणि उधारीवर घेणाऱ्याला भाव आणि माल दोन्ही त्याच्या मर्जीचे मिळतात.

आपली उधारी द्यायची तर ऑफिसं, बँका, दुकानं यांच्या वहीवर, पंधरा दिवसांची. सोळाव्या दिवशी वही घेऊन स्वतः जा. यात संकोच करू नये.

यूपीआयचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं ठेवा. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्या छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि पुष्कळांनी घाबरून क्यूआर कोडच काढून टाकले. तसं करू नका, गिऱ्हाईक तुटतं. हिशोब बघा: रोज १५० कप, २० रुपये, २६ दिवस, बारा महिने, म्हणजे ९ लाख ३६ हजार. तयार कॉफी पाजणं ही सेवा धरली जाते आणि तिची नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. पण भिशीचे पैसे, भावानं पाठवलेले पैसे, घराच्या कामाचे पैसे त्याच कोडवर येत राहिले तर जमा दुप्पट दिसते आणि ती विक्री नव्हती हे सिद्ध करत बसावं लागतं. तीन आकड्यांची वही इथंही कामाला येते.

सीमेवरचं कॅलेंडर

१ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव, डिसेंबरमधलं विधिमंडळाचं अधिवेशन, शिवजयंतीची मिरवणूक, गणपतीचे अकरा दिवस: बेळगावात गर्दी कधी दुप्पट होते, कधी दुपारनंतर रस्ता रिकामा होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्रामधल्या बसगाड्या काही दिवस विस्कळीत झाल्या, तेव्हा स्टँडजवळच्या दुकानांना पहिला फटका बसला. अशी चिन्हं दिसली की दुधाची ऑर्डर आदल्या रात्रीच निम्मी करा. पावडर राहते, दूध राहत नाही. फलकावर ६० टक्के कन्नड हा कर्नाटकाचा नियम आहे, तो पाळून खाली मराठीत भाव लिहा. गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत त्याला उत्तर द्या, आणि दुकानात भाषेचा वाद निघाला तर तो आपल्याकडून पुढं वाढू देऊ नका. कॉफी प्यायला शहापूरचा विणकरही येतो आणि गोकाकहून दवाखान्याच्या कामाला आलेलं कुटुंबही येतं.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर पहिल्या आठवड्यात दोनच कामं करा. रेघ मारलेली पळी वापरात आणा आणि रात्रीचे तीन आकडे लिहा. भाव, मिश्रण, यादी, यातलं काहीही त्या आठवड्यात बदलू नका, नाहीतर आकडा कशानं हलला ते कळणार नाही. सात दिवसांचे आकडे हातात आले की मग आठव्या दिवशी कपाचा हिशोब मांडा, आणि पावडरवाल्याला फोन त्यानंतर करा.